चिंचेनं घासलेली शिवराई

तांब्यावर हिरवं चढायला वर्षं लागतात. बारामतीच्या आमच्या नाणेमंडळात किस्सा चढायला एक रविवार पुरायचा! आबांच्या कापडदुकानामागं बैठक. मी कॉलेज सोडलेला, म्हणून माझं मत फक्त चहाला साखर किती एवढ्यापुरतं.

नव्वदचं दशक. पुण्याच्या प्रदर्शनात मंडळाचं एकच नाणं जाणार होतं. माझी शिवराई जावी, एवढंच मला हवं होतं. नरसिंहपूरला संगमाच्या वाळूत सापडलेली. अंगावर घट्ट तपकिरी थर, अक्षर न् अक्षर शाबूत.

पुण्याचे परीक्षक ती बघून म्हणालेले, "हा थर म्हणजे नाण्याची कातडी. हात लावू नका. घासलं की ग्रेड संपली."

*

अध्यक्ष तात्या, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांची ग्रेड एकच: चमक.

"नाण्यात तोंड दिसलं पाहिजे!"

मी म्हटलं, "मग आरसे जमवा की!"

तर मलाच बाहेर बसवलं. पासष्टीतही वर्गच चालवायचा!

*

कापडवाले आबा मूळचे वडगावचे. नाणी ठेवायचे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. धुतलेली सुद्धा नाही! मिठानं तांब्याला हिरवी भुकटी सुटली. ती नाणं पोखरते, शेजारच्यालाही लागते.

"आबा, हा रोग हाय. ग्रेड पार खाली जाते."

"गप रं! पिस्त्यागत रंग आलाय. असा तुज्याकडं हाय का?"

सगळी बरणी गेली. आबा म्हणाले, "लोणचंच खराब हुतं."

*

इंदापूरचे रशीदभाई, पंपाच्या स्पेअरपार्टचं दुकान. या सगळ्यांत शहाणा माणूस तेवढा एकच. त्यांनी मोटारीचा तांब्याचा वॉशर उकिरड्यात पुरला, हिरवागार झाल्यावर जुनं नाणं म्हणून मंडळापुढं ठेवला.

तात्यांनी भिंग लावलं. "अतिप्राचीन! घासलं की ग्रेड उत्तम!"

"आन् मदी भोक कशाचं, तात्या?" रशीदभाईंनी विचारलं.

"राणीच्या गळ्यातलं असणार. दोऱ्यात ओवायला!"

टाळ्या. वॉशर अजून मंडळाच्या कपाटात आहे.

*

शेवटी माझी शिवराई निवडली गेली. नियम असा की निवडलेलं नाणं अध्यक्षांच्या घरी राहणार. मी तात्यांना बजावलं, "हात लावायचा न्हाय." ते म्हणाले, "आम्हाला शिकवतोस?"

प्रदर्शनाआधी परीक्षक नाणं बघायला आले. तात्यांनी डबी उघडली. आत गुलाबी, लखलखीत चकती. 'छत्रपति' मधलं अर्धं अक्षर पुसलेलं.

"हे कुणी केलं?" परीक्षक.

तात्यांची छाती फुगली. "मी स्वतः! देवांच्या भांड्यांबरोबर, चिंच-मीठ लावून, रोज!"

परीक्षकांनी नाणं खाली ठेवलं. "याला ग्रेड देता येणार नाही," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

तात्या मंडळाकडं वळले. "ऐकलंत? पुण्याच्या माणसालासुद्धा ग्रेड देता येईना, इतकं चांगलं निघालं!"

"व्हय की!" आबा म्हणाले.

पुढच्या रविवारी मंडळानं माझा सत्कार ठेवला. शाल आबांच्या दुकानातली. नारळ तात्यांच्या हस्ते.