हीटर वाढव

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्त झाल्यावर घरात शिकवायला लागले. आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत अंधार झाला की प्रत्येक बाल्कनीतून एकच आवाज, "लाईट गेली!" वडील आतून म्हणायचे, "लाईट म्हणजे प्रकाश. गेली ती वीज." वीज परत येईपर्यंत हा वाद आरामात पुरायचा.

नवी वस्तू घरात आली की लोक तिला हळदकुंकू लावतात, वडील मीटर लावायचे. मिक्सर असो की इस्त्री, कोणाची सुटका नाही. व्होल्ट किती, अँपिअर किती. "गुणलं की शक्ती, भागलं की रोध. एवढं आलं की वस्तू कळली." आई म्हणायची, "सूनबाईला मीटर लावला नाही, हे नशीब."

आईची भाषा निराळी. तिचं माहेर नामपूरचं, घरचं किराणा दुकान. तिथे संध्याकाळी दुकान 'बंद' करत नसत, 'वाढवत'. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली तरी ती वाढली, आणि दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून सरळ उलटा वापरायचा. मी लहानपणापासून ऐकत आले, त्यामुळे मला त्यात कधी काही खटकलं नाही.

मग वडिलांची फुप्फुसं थकली आणि खोलीत ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकात नळी, तरी मीटर मागितलाच. दोनशे तीस व्होल्ट, दीड अँपिअर. "साडेतीनशे वॉटच्या आत," ते म्हणाले. रोध मी काढला, तर म्हणाले, "मोटरला असा सरळ भागाकार लावत नाहीत, बाई. हीटरला लाव." खोलीत दोन रॉडचा हीटर होता, जानेवारीत नाशिकला त्याशिवाय भागत नाही. एक रॉड पावणेदोन अँपिअर खायचा, म्हणजे चारशे वॉट. दोन्ही लावले तर रोध निम्मा, शक्ती दुप्पट, आठशे. आणि खोलीच्या इन्व्हर्टरची ताकद नऊशे. "मशीन आणि एक रॉड चालेल. मशीन आणि दोन रॉड, तर इन्व्हर्टर बसेल आणि त्याच्याबरोबर मीही." हे त्यांनी आईला आणि मला पाढ्यासारखं म्हणायला लावलं; वहिनी तेव्हा माहेरी होती. वीज गेली की हीटर लगेच बंद करायचा, असंही ठरलं.

ठरवून काय होतं! एका संध्याकाळी आई देवापाशी सांजवात करत होती, मी स्वयंपाकघरात घोटीचा तांदूळ निवडत होते, वहिनी वडिलांपाशी बसली होती. वीज गेली. इन्व्हर्टरने मशीन उचललं, हीटरचा एक रॉडही. आईने देवघरातूनच सांगितलं, "हीटर वाढव गं!"

माझी वहिनी गुणी आहे, मराठीही छान बोलते, पण वाढली हैदराबादला. तिला 'वाढ' म्हटलं की पानात भात पडतो, 'वाढव' म्हटलं की आवाज मोठा होतो. सासूबाईंना गारठा जाणवला असेल, असं समजून तिने दुसरा रॉड लावला. इन्व्हर्टर किंचाळला आणि बसला. मशीनची घरघर थांबली.

मी धावले तेव्हा खोलीत नुसते दोन लाल रॉड मावळत होते. मला वाटलं बॅटरी संपली. वडिलांचे खांदे वरखाली होत होते, ओठ काळपट पडले होते. त्यांनी हीटरकडे दोन बोटं दाखवली. दोन रॉड! मी हीटर बंद केला, इन्व्हर्टरचं बटण दाबलं. मशीन पुन्हा घरघरलं. वहिनी भिंतीला टेकून रडत होती, "वाढवायला तुम्हीच सांगितलंत ना, आई?"

"अगं, वाढव म्हणजे बंद कर!"

"मग बंद कर म्हणा ना!"

"ज्याच्या नाकात नळी आहे, त्याच्या खोलीत बंद कर म्हणू?" आईने देवघराकडे हात जोडले. "जीभ झडेल माझी."

वडिलांचा श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ लागला. मग हसले. "सगळा हिशोब केला मी. हिच्या नामपुरी मराठीचा रोध तेवढा धरायचा राहिला."

त्यानंतर वहिनी प्रत्येक वेळी विचारायची, "वाढवू म्हणजे बंदच ना, आई?" आणि आई कपाळाला हात लावायची, "शुभ बोलावं गं माणसानं!" वडील मुद्दाम पंखा वाढवा, दिवा वाढवा म्हणत तिची फिरकी घ्यायचे. त्या खोलीत इतकं हसू मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

थंडी सरता सरता एका दुपारी ते गेले. वीज होती, मशीन चालू होतं, सगळे आकडे बरोबर होते. डॉक्टर पाहून गेले, आम्ही तिघी उभ्या राहिलो आणि मशीन आपलं घरघरत हवा देत राहिलं. नळी कोणी काढेना. शेवटी आई म्हणाली, "वाढव गं आता ते."

वहिनीने काही विचारलं नाही. सरळ बटणाकडे हात नेला. या एका वेळी तरी तिने चुकावं, असं मला फार फार वाटलं.