आत्याच्या कानाचं मशीन

मशीन तिसऱ्यांदा टेबलावर आलं तेव्हा माझं डोकं फिरलं. दोनदा उघडून बघितलं होतं, दोन्ही वेळा ठणठणीत. आणि आत्याचं एकच, घरी गेलं की नुसती खरखर.

महाडच्या बाजारात तेव्हा माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रान्झिस्टर नुकते आले होते. आतोबा गेल्यापासून आत्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत एकटी राहायची. सुईण होती. अर्ध्या वाडीची नाळ तिनंच कापलेली. पण कान गेले, आणि एका बाळंतपणात बाई हाका मारतेय हे तिला कळलंच नाही. कसंबसं निभावलं. त्यानंतर मात्र लोकांनी तिला बोलावणंच सोडलं. दिवसभर उंबऱ्यात बसून असायची बिचारी. मला बघवत नसे.

नवं मशीन आम्हा दोघांच्याही ऐपतीबाहेरचं. म्हणून मुंबईच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडून बंद पडलेलं मागवलं आणि दुरुस्त केलं. सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर, टोकाला कानात घालायचं बटण. टॉर्चचा बारीक सेल चाले, तो पोलादपुरातही मिळे. आवाज पकडणारा मायक्रोफोन कानात नसतो, डबीत असतो. त्यासाठी डबी गळ्यात अडकवायची. दोरीसुद्धा मीच ओवून दिली होती.

बटण तिच्या कानात देऊन, डबी टेबलावर ठेवून मी हळूच विचारलं, "आत्या, जेवलीस का?"

"जेवले रे, कवाच."

म्हणजे मशीन चालू! मी वैतागलो. म्हटलं, तूच काहीतरी चुकतेस. तिनं डबी उचलली आणि कमरेला कनवटीत, पानाच्या चंचीशेजारी, नीट खोचून टाकली.

मी कपाळावर हात मारला. मायक्रोफोन लुगड्यात गुंडाळलेला, मग लुगड्याची खरखर सोडून दुसरं काय ऐकू येणार? डबी परत बाहेर काढायला लावली. विचारलं, गळ्यात का घातली नाहीस?

"गळा मोकळा झाल्याला वीस वर्सं झाली," ती म्हणाली. "आता त्यात दोरी नाय घालायची मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सख्खी आत्या, आणि हे मला सुचू नये!

घरी नेऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं आत्याच्या पदराला खांद्याजवळ विरळ कापडाचा खिसा शिवला. दुसऱ्या लुगड्यासाठी आणखी एक बरोबर दिला. मशीनच्या स्क्रूला मी हातही लावला नाही.

दोनेक महिन्यांनी आत्या भर उन्हात दुकानात आली. शेजारच्या सुनेचे दिवस भरले होते, दुसरी सुईण वेळेवर पोचेना, तेव्हा नाइलाजानं हिला बोलावलं होतं.

"पोरगी झाली रे," ती म्हणाली. "रडली ती, मला आयकू आली."

आणि काउंटर धरून स्वतःच रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

त्यानंतर कानाचं मशीन दुरुस्तीला आलं की मी स्क्रू ड्रायव्हर नंतर उचलायचो. आधी विचारायचो, ठेवता कुठे?