सरांचा उजवा पाय

महाडमध्ये ज्यांना गाडी चालवता येते, त्यांतल्या निम्म्यांना ती कमलाकर सरांनी शिकवली आहे. उरलेल्या निम्म्यांबद्दल सरांचं मत बरं नाही.

शाळेचं नाव 'सावकाश मोटार ड्रायव्हिंग स्कूल'. सत्तावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तीन गाड्या झाल्या. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही छोट्या. तिन्हींत डाव्या सीटच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक. शिकणारा उजवीकडे बसतो, सर डावीकडे. शिकणारा घाबरला की सर ब्रेक दाबतात. घाबरला नाही तर आधीच दाबतात.

गाडी मैदानाच्या कडेला उभी असते. सकाळी सहाचा तास. सर दहा मिनिटं उशिरा येतात. तोवर शिकणाऱ्याने गाडी पुसायची, हा पहिला धडा.

आता एक गोष्ट, जी फक्त सरांच्या बायकोला, अनुपमाबाईंना माहीत होती. सर गाडी चालवत नाहीत.

म्हणजे पूर्वी चालवायचे. झकास चालवायचे. पण बाजारात जायचं तर कुणीतरी शिकाऊ असायचाच. तेवढाच त्याला गर्दीचा सराव. बिरवाडीला काम निघालं तर दुसरा शिकाऊ, त्याला हायवेचा सराव. भाचीच्या लग्नाला सर पोलादपूरला गेले तेही शिकाऊ गाडीतच, तिच्या रुखवताचा डबा मांडीवर घेऊन. असं करता करता नऊ वर्षं उजव्या सीटवर बसायची वेळच आली नाही. आणि एक दिवस लक्षात आलं की आता बसायची भीती वाटते.

तसं काही अडत नव्हतं. अनिशचा फोन येईपर्यंत.

अनिश त्यांचा बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. गांधारीच्या पुलावर याने एकदा गाडी लागोपाठ तीनदा बंद पाडली होती. आता पुण्यात त्याचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे फारच बरं.

"सर, गाडी घेतोय. दोन पसंत आहेत. एक ग्रँड टूरर, एक स्पोर्ट्स कार."

"म्हणजे काय रे?"

"ग्रँड टूरर म्हणजे आलिशान. पळते, पण आरामात. गोव्यापर्यंत गेलं तरी पाठ दुखत नाही. स्पोर्ट्स कार म्हणजे नुसती पळायलाच. दोन सीट, आणि जमिनीला टेकलेली."

"चैत्राली काय म्हणते?"

"बायकोला आलिशान हवी, मला दुसरी. पंधरा दिवस भांडतोय. शेवटी ठरलं, सर म्हणतील ती. दोन रविवार दोन्ही भाड्याने घेऊन येतो. तुम्ही आंबेनळी घाटात स्वतः चालवायची आणि निकाल द्यायचा."

"हो, हो," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

अनुपमाबाई वाल सोलत होत्या. "काय झालं?"

"अनिश मला गाडी चालवायला सांगतोय."

"मग?"

"मग काय मग! तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. तुम्ही ड्रायव्हर कुठे आहात? तुम्ही ब्रेक आहात." त्यांनी आणखी एक वाल सोलला. "पण चांगले ब्रेक आहात हो."

सरांना हसू आलं नाही. 'कमलाकर सरांना गाडी येत नाही' हे वाक्य महाडच्या बाजारात एकदा सुटलं की चहाला उकळी यायच्या आत नदीपार गेलं असतं. मग 'सावकाश'ची पायरी कोण चढणार? आणि ज्यांना शिकवलं, त्यांनी काय म्हणायचं?

पहिल्या रविवारी ग्रँड टूरर आली. गर्द निळी, लांबच लांब. आळीतल्या लोकांनी तिचं नाव लगेच 'दिवाणखाना' ठेवलं. चैत्राली मागे बसली. "सासू-सासऱ्यांना इथे बसवता येईल," ती म्हणाली. गुडघे हनुवटीला लागत होते तरी म्हणाली. सर सवयीने डावीकडे बसले. हायवेला लागल्यावर सीट त्यांची पाठ चेपायला लागली. सरांनी दचकून मागे पाहिलं.

"मसाज आहे, सर."

"बंद कर."

अनिशचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा समोरच्या स्क्रीनवर. गाणं बदल, हवा बदल. गाडीत आवाज नाही, धक्का नाही. वेग किती आहे ते बाहेरच्या झाडांनाच ठाऊक. पोलादपूरच्या वळणावर सरांचा उजवा पाय आपोआप खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता. मऊ गालिचा होता. पाय गालिच्यात रुतला. कापडे गाव येईपर्यंत तो तेवीस वेळा रुतला. सर मोजत होते. मोजणं हीही जुनी खोड. प्रत्येक विद्यार्थ्याच्या कार्डावर ते लिहितात, आज किती वेळा ब्रेक दाबावा लागला.

घाटाच्या पायथ्याशी ठकूबाईंची चहाची टपरी आहे. सरांच्या विद्यार्थ्यांचा शेवटचा धडा घाटात असतो आणि तो इथे चहाने संपतो. अनिशने किल्ली पुढे केली. "चला सर, आता तुम्ही."

सरांनी खिसे चाचपले. "अरे, चष्मा राहिला. लायसन्सही. कायदा म्हणजे कायदा."

अनिशला भरून आलं. असे गुरू राहिले नाहीत, असं तो चैत्रालीला म्हणाला.

त्या आठवड्यात सरांनी गुपचूप सराव करायचं ठरवलं. पहाटे साडेपाचला मैदानावर गेले. उजव्या सीटवर बसले. गाडी सुरू केली आणि सवयीने शेजाऱ्याला म्हणाले, "फर्स्ट टाक." कुणी टाकला नाही. सर बराच वेळ वाट बघत बसले. मग उतरले आणि गाडी पुसली.

दुसऱ्या रविवारी स्पोर्ट्स कार आली. पिवळीजर्द. आत शिरायला पंगतीला बसावं तसं बसावं लागलं. दोनच सीट. तेव्हा अनिश आणि सर पुढे निघाले, आणि मागून शाळेच्या पांढऱ्या गाडीत चैत्राली आणि अनुपमाबाई. अनुपमाबाईंना का यायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. पर्स मात्र घट्ट धरली होती.

पोलादपूरच्या गतिरोधकाशी अनिशने गाडी थांबवली, तिरकी केली आणि कडेवरचं मूल सांभाळावं तशी अलगद उतरवली. तरीही पोट घासलंच. त्यानंतर त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. डोळे रस्त्यावर. गाणं नाही. खड्डा दिसला की हा शंभर पावलं आधी हळू. कापड्याची कापलेली शेतं दिसायला लागली तेव्हा सरांच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. तो निघाल्यापासून एकदाही हलला नव्हता.

ठकूबाई टपरीतून बाहेर आल्या. "मास्तर, ही गाडी हाय का घोरपड?"

मागून पांढरी गाडी आली. अनुपमाबाई डाव्या दारातून खुशीत उतरल्या. "हे ब्रेकचं काम फार छान आहे हो! उगाच सत्तावीस वर्षं एकट्याने केलंत."

अनिशने किल्ली पुढे केली. "सर, आज सोडणार नाही."

सरांनी खिसे चाचपले. "चष्मा..."

अनुपमाबाईंनी पर्स उघडली. चष्मा काढला. मग लायसन्स काढलं. मग, सर पुढे काही बोलायच्या आत, घाटात मळमळू नये म्हणून आवळासुपारी काढली.

सरांनी बायकोकडे पाहिलं. घरचं माणूसच फितूर झालं तर किल्ला कसा राहायचा?

"मी बसतो शेजारी," अनिश म्हणाला.

"तू चहा पी," अनुपमाबाई म्हणाल्या. "दोनच सीट आहेत ना? एक त्यांची, एक माझी."

आणि त्या बसल्यासुद्धा.

दार लागलं. सरांचे हात स्टिअरिंगवर होते, पण ते हात कुणा दुसऱ्याचे वाटत होते.

"मला नाही जमणार गं," ते हळूच म्हणाले.

"आरसा बघितलात?"

"काय?"

"आरसा. आधी आरसा, मग पट्टा, मग गाडी."

सरांनी आरसा बघितला. पट्टा लावला.

"डावा पाय मागे घ्या. या गाडीत क्लच नाही. डाव्या पायाला आज सुट्टी. आता ब्रेकवरचा पाय हळू सोडा. हळू म्हणजे हळू. दुधावरची साय उचलतोय असा."

हे सरांचंच वाक्य होतं. शब्दन् शब्द. गाडी हलली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"सत्तावीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकतेय? पुढे बघा. वळण आलं. वळणाच्या आधी हळू, वळणात नाही. हॉर्न."

सरांनी हॉर्न दिला. त्या आवाजाने ते स्वतःच दचकले आणि सुट्टीवरचा डावा पाय धावून ब्रेकवर आला. गाडी जागच्या जागी थांबली. दोघंही पट्ट्यात पुढे झुकून मागे आदळले.

"एक," अनुपमाबाई म्हणाल्या.

"मोजू नकोस!"

"तुम्ही सगळ्यांचं मोजता."

पुन्हा निघाले. दुसरं वळण. तिसरं. वेग वीस. मागून एसटी आली, भोंगा वाजवत पुढे निघून गेली. एसटीने स्पोर्ट्स कारला मागे टाकलं हे बघून खिडकीतल्या दोघांनी मोबाइल बाहेर काढले. अनुपमाबाईंनी त्यांना हात केला. पाचव्या वळणावर दरी उघडली. सरांच्या लक्षात आलं, की आपण दरीकडे न बघता रस्त्याकडे बघतोय, आणि हात आता आपलेच आहेत.

"बरं चाललंय," अनुपमाबाई म्हणाल्या. त्यांचा उजवा पाय मात्र खाली रेटलेला होता. सरांनी तो बघितला, पण मोजला नाही.

रुंद जागा बघून त्यांनी गाडी वळवली आणि टपरीशी परत आणली. सर उजव्या दारातून कसेबसे बाहेर पडले.

ठकूबाई बघतच राहिल्या. "अगो बया! मास्तर त्या दारातनं? सतरा वर्सं टपरी हाय माजी, कवा बघितला नाय!"

अनिशने चैत्रालीकडे पाहिलं. चैत्रालीने चहाकडे.

सरांना वाटलं, हसून वेळ मारून न्यावी. मग वाटलं, ज्याला, पुलावर तीनदा गाडी बंद पडली तेव्हा, आपणच 'लाजू नको' म्हटलं, त्याच्याशी काय खोटं बोलायचं.

"ठकूबाई खरं सांगतायत," ते म्हणाले. "नऊ वर्षांत मी चालवलेली नाही. भीती बसली होती. आता काकूंनी शिकवलं."

मग चैत्राली म्हणाली, "मग सर, निकाल?"

"निकाल मी डावीकडे बसून देतो. तेच मला येतं. अनिश, त्या दिवाणखान्यात माझा पाय तेवीस वेळा खाली गेला. आज एकदाही नाही. त्या गाडीत तुला भीती वाटत नाही, म्हणून शेजारच्याला वाटते. तू चालवणार असशील तर हीच घे."

अनिशचा चेहरा फुलला.

"थांबा," अनुपमाबाई म्हणाल्या. "मी चैत्रालीबरोबर आले. माझा पाय दोनदाच गेला. एकदा म्हशीसाठी आणि एकदा उगाच, ब्रेक चालतोय का ते बघायला. ही चालवणार असेल तर कुठलीही घ्या."

सरांनी मान डोलावली. हा मुद्दा त्यांना सुचला नव्हता. "म्हणजे आधी ते ठरवा," ते म्हणाले. "गाडी कुठली ते नंतर. चालवणार कोण?"

या प्रश्नावर अनिश आणि चैत्राली आणखी महिनाभर भांडले. शेवटी दिवाणखाना घेतला. चैत्राली चालवते. अनिश डावीकडे बसतो, आणि गालिचा तिथे जरा झिजला आहे म्हणतात.

पण त्या रविवारी घरी आल्यावर अनुपमाबाईंनी कपाटातून शाळेचं कोरं कार्ड काढलं. वर लिहिलं: कमलाकर. धडा पहिला. ब्रेक: एक. शेरा: वळणावर बरा, डावा पाय चंचल.

"उद्या सहाला," त्या म्हणाल्या.

सोमवारी त्या दहा मिनिटं उशिरा मैदानावर पोचल्या. सर गाडी पुसत होते.