डावा तळहात

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय कुणी जेवत नाही. माहेरी तेच, नेकनूरला सासरी तेच. अंगात ताप असतानाही माझी पूजा कधी चुकली नव्हती. ती चुकवली सोरायसिसनं.

आधी नुसते कोपरांवर चट्टे होते, जाड, पांढऱ्या खपल्यांचे. लांब बाह्यांच्या पोलक्यात ते कित्येक वर्षं खपून गेले. मग आठवडी बाजारात बसणाऱ्या एका वैद्याच्या पुड्या घेतल्या. महिन्यात कातडी लख्ख! मी गावभर त्याचं कौतुक सांगत सुटले. मग तो बाजारात यायचा बंद झाला, पुड्या संपल्या आणि पंधरा दिवसांत दोन्ही तळहातांवर पुवानं भरलेल्या पिवळ्या पुटकुळ्या उठल्या. आमच्या किराणा दुकानात रोजची माणसं म्हणू लागली, "वहिनी, ठिवा तितंच, घेतो आमी." मी पुडा फळीवर ठेवायची, हसायची आणि आत जाऊन रडायची.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या. इथंच सगळं अडलं. तोवर कशीबशी पूजा चालली होती, पण आता पुटकुळ्या फुटायला लागल्या होत्या; पू वाहणाऱ्या हातावर देव कसा ठेवायचा? मला कुणी मनाई केली नव्हती, माझं मीच ठरवलं. पूजा नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून गोळी नाही. चहावर दिवस काढत होते. सासूबाई कळवळून म्हणायच्या, "कावून उपाशी मरायलीस गं? देवानं सांगितलंय का तुला?" मरावं असंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी साखरेच्या पोत्याशी भोवळ येऊन पडले. आमच्या मालकांनी पुन्हा बीडला नेलं. गोळ्या का घेतल्या नाहीत ते कळल्यावर बाई आधी चिडल्या, मग कागद ओढून या रोगाचे प्रकार चित्रं काढून दाखवायला लागल्या. कुणाला घसा धरल्यानंतर अंगभर थेंबाएवढे ठिपके उठतात. कुणाच्या काखेत गुळगुळीत लाल चट्टा येतो, खपली नसते, म्हणून लोक गजकर्णाचं मलम चोळत बसतात. कुणाचं सगळं अंग लाल होऊन सोलतं, तेव्हा मात्र लगेच दवाखाना गाठायचा.

"तुमचा कोपरावरचा एक प्रकार, हा तळहातावरचा दुसरा. रोग तोच. पुड्यांत बहुतेक स्टेरॉइड असणार, ते एकदम सुटलं की असं उसळतं."

"पण हा पू?"

"यात जंतू नाहीत. कुणाला याची लागण होत नाही."

"मग ही घाण न्हाई?" माझा आवाज चिरकला.

"घाण नाही हो. तुमचंच शरीर चुकून तुमच्याशी भांडतंय."

पुरता बरा होईल का, विचारलं. आटोक्यात राहील, पुन्हा डोकंही वर काढेल, म्हणाल्या. येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. उभा जन्म याच हातांनी काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून पाटावर बसले. तळहात तसाच होता, भेगाळलेला, पिवळा. इष्टलिंग काढून त्यावर ठेवलं. भस्माचा कण भेगेत गेला आणि झणझणून आग झाली, तरी हात हलू दिला नाही. पुटकुळ्या उठल्यापासून त्या हातावर कुणा माणसानं काही ठेवलं नव्हतं, आणि देव मात्र निवांत बसला होता. मी मोठ्यानं रडले. मग उठून भाकरी खाल्ली आणि गोळी घेतली.