दयाबाईंच्या वजनाएवढे कांदे

एबनेझर वाघचौरे यांनी बंद केलेली लोणच्याची बरणी त्यांच्या घरात कुणालाच उघडता येत नाही. त्यांची बायको दयाबाई ती कमरेवर घेऊन शेजारच्या मल्हारीकडे जातात. मल्हारी बरणी दोन्ही गुडघ्यांत धरतो, डोळे मिटतो आणि कसाबसा झाकण फिरवतो. त्याबद्दल दोन फोडी तो हक्काने काढून घेतो. दौंडच्या त्या गल्लीत हे इतकं नेहमीचं झालंय, की दयाबाई बरणी घेऊन निघाल्या की मल्हारीची बायको आधीच वाटी पुढे ठेवते.

याला कारण कुरकुंभ. तिथल्या एका केमिकल कंपनीत एबनेझरनी एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली. पाइप जोडायचे, व्हॉल्व बदलायचे, गळती थांबवायची. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वरिष्ठाने एक नियम डोक्यात बसवला होता. जागा सोडायच्या आधी प्रत्येक नट शेवटपर्यंत आवळायचा, मगच पाणी प्यायला जायचं. एखादा नट नुसता हाताने फिरवून सोडला आणि तुम्ही चहाला गेलात, तर परत येईपर्यंत अख्ख्या शेडचे डोळे चुरचुरायला लागलेले. नोकरी संपली, पेढे वाटून झाले, पण नियम रिटायर झाला नाही. घरातला नळ दोन हातांनी उघडावा लागतो. पंख्याचा बोल्ट असा बसलाय की छत पडेल, पंखा पडणार नाही.

असा माणूस गाडी कशी ठेवील, हे सांगायला नको. कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची पांढरी एट हंड्रेड एबनेझरनी घेतली, ती आजवर. दर रविवारी आंघोळ, दर महिन्याला हवा, आणि वहीत सगळी नोंद. पण गाडी चोवीस वर्षांची झाली. हळू चालवली तर पुढून कटकट, खड्ड्यात गेली तर धाड. मुलगी इवा पुण्यात नोकरी करते. ती दर आठवड्याला फोनवर नव्या गाड्यांचे फोटो पाठवायची. एबनेझर प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायचे आणि आपल्या गाडीची काच पुसायला घ्यायचे.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी हार्वेस्ट आला.

हार्वेस्ट म्हणजे कापणीचा सण. दयाबाई मूळच्या शिरूरच्या, आणि दर नोव्हेंबरात हे दोघं त्यांच्या माहेरच्या चर्चला जातात. ज्याच्या घरी जे पिकतं, जे बनतं, ते लोक आणतात. भोपळे, ज्वारीची कणसं, गावठी अंडी, एखादा कोंबडाही. उपासना झाली की आवारात या सगळ्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला जातात आणि गंमत सगळ्यांना वाटून येते. दयाबाईंचा तिथे केक असतो. पातेल्यात वाळू तापवून, वर डबा ठेवून, झाकणावर निखारे घालून भाजलेला. त्यांच्या आईचाही असाच असायचा. या केकसाठी दोन-तीन घरांची दरवर्षी चढाओढ लागते.

मागच्या वर्षी न्हावऱ्याच्या पुढे तीन गतिरोधक ओळीने आले, एकालाही पट्टे नव्हते. पहिले दोन निभावले. तिसऱ्याला गाडीने अशी आपटी खाल्ली, की दयाबाईंच्या मांडीवरचा डबा वर गेला, क्षणभर तिथेच राहिला आणि खाली आला. चर्चमध्ये झाकण उघडलं तेव्हा आत केकचा रवा होता. लिलाव पुकारणारे शलमोनमामा स्वभावाने चांगले, पण हातात माइक आला की त्यांचा ताबा सुटतो. त्यांनी डबा उंच धरून पुकारलं, की हा केक घेणाऱ्याला चमचा चर्चकडून. आवार हसून लोटपोट झालं. कुणीच बोली लावेना, तेव्हा एबनेझरनी घाईघाईने हात वर केला आणि आपल्याच घरचा केक आपणच घेतला.

त्यांना वाटलं, लाज राखली. परतीच्या वाटेवर पाटस आलं तेव्हा दयाबाई म्हणाल्या, "कुणीच नसता घेतला तरी चाललं असतं. तुम्ही घेतलात, म्हणजे तो कुणालाच नको होता हे सगळ्यांना कळलं." आणि थोड्या वेळाने, अगदी शांतपणे, "पुढच्या हार्वेस्टला मी एसटीनं जाईन. तुम्ही या गाडीतून या."

दयाबाई जे ओरडून बोलतात ते संध्याकाळपर्यंत विरून जातं. जे शांतपणे बोलतात ते होतं, हे एबनेझरना छत्तीस वर्षांच्या संसारात पाठ झालेलं होतं. आणि खरोखरच, त्या दिवसापासून दयाबाई गाडीत बसल्या नाहीत. बाजारला रिक्षा, दवाखान्याला रिक्षा. एबनेझर एकटे गाडी चालवायचे आणि शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा उगाच लावून ठेवायचे.

यंदा ऑक्टोबर उजाडला तसा त्यांनी निश्चय केला. एका मोठ्या वर्कशॉपला दाखवलं, तर त्यांनी पुढचं-मागचं सगळं बदलायचं म्हणून असा कागद दिला, की त्यात जुनी गाडी आणखी एक आली असती. तो कागद घेऊन ते संपतकडे गेले. संपत मिस्त्रीचं गॅरेज एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. त्याने कागद वाचला, घडी करून एबनेझरच्याच खिशात ठेवला आणि गाडीचा एकेक कोपरा हाताने दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. म्हणजे धक्के झेलणारे शॉकअप ठीक आहेत, त्यांना हात लावायचा नाही. मग त्याने खाली जाऊन एक पहार घालून हलवली आणि एबनेझरना बोलावून दाखवलं. चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकाला रबराचे बुश असतात, लोखंड लोखंडावर आदळू नये म्हणून. त्या रबराची पार खारीक झाली होती. बुश, दोन्हीकडच्या लिंक आणि खालचा एकेक जॉइंट, एवढं बदललं की भागलं असतं. एका बाजूचं गेलं असलं तरी दोन्हीकडचं बदलायचं, नाहीतर गाडी एका पायाने लंगडते.

एबनेझरनी फोनमध्ये जुन्या बाजारातले वापरलेले बुशही पाहून ठेवले होते, फार स्वस्त. संपतने फोन बघितलाही नाही.

"काका, गाडीचं काय बी जुनं घ्या," तो म्हणाला, "पर रबर दुसऱ्याचं घिऊ नका. दुसऱ्याच्या कवळीनं जेवायचं का आपण?"

तर नवे बुश आणले. ते आर्ममध्ये दाबून बसवायचं काम तेवढं संपतच्या प्रेसवर करून घ्यायचं होतं. बाकीचं आपण अंगणात करू, मजुरी वाचेल, असं एबनेझरनी ठरवलं. जॅक लावला, खाली लोखंडी घोड्या दिल्या, चाकं काढली. स्टिअरिंगला कंपनीतल्यासारखा पुठ्ठा टांगला: काम चालू आहे, हात लावू नये. दयाबाई तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या. कोण लावणार आहे हात, असं त्यांनी तांदळालाच विचारलं.

दोन दिवस एबनेझर फार सुखात होते. गंजलेला एक बोल्ट निघेना, तर त्याला रात्रभर तेल पाजलं आणि सकाळी तो मुकाट्याने आला. संपतकडून बुश बसवून आणलेले आर्म चढले, बाकीचे नवे भाग बसले. प्रत्येक नट शेवटपर्यंत आवळला, त्यावर अंगाचा भार टाकून आणखी थोडा. मग पाणी प्यायले.

जॅक उतरवला तर गाडी पुढून वरच राहिली. वर्गात उत्तर येत असलेली मुलगी चवड्यांवर उभी राहते तशी. एबनेझरना वाटलं, तरुण झाली. ते कोपऱ्यापर्यंत फेरी मारून आले आणि त्यांचा चेहरा उतरला. कटकट गेली होती, पण आता कुईंकुईं असा नवाच आवाज येत होता, आणि रस्त्यातला खडा न् खडा पाठीच्या कण्यात मोजून मिळत होता. आधीची गाडी बरी म्हणायची वेळ आली. हार्वेस्ट चार दिवसांवर होता. दयाबाईंनी ओट्यावरून सगळं पाहिलं आणि पिशवी घेऊन शिरूरच्या एसटीची वेळ विचारायला निघाल्या.

एबनेझर मल्हारीला घेऊन संपतकडे गेले. संपतने वाकून पाहिलं आणि तो खाली बसून हसायला लागला. गाडी टांगलेली असताना, चाकं खाली लोंबत असताना नट पूर्ण आवळले होते. रबर त्या लोंबत्या स्थितीत घट्ट धरलं गेलं. आता चाकं जमिनीवर आल्यावर ते सगळं रबर पिळून निघत होतं. असेच ठेवले तर नवे बुश महिनाभरात फाटतील.

"गाडी जशी चालणार, तशी भरायची," संपत म्हणाला. "माणसं बसवायची, चाकं भुईवर ठिवायची, मग आवळायचं. तवर नट हातावर."

नट हातावर. एकतीस वर्षांत हे वाक्य एबनेझरनी शिवीसारखं ऐकलं होतं. पण केकचा रवा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. गाडी संपतच्या गॅरेजमधल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि तिला रविवारी निघणार तशी भरायला सुरुवात झाली. ड्रायव्हरच्या जागी मल्हारी बसला, त्याचं आणि एबनेझरचं वजन सारखंच. नट मात्र एबनेझर स्वतः आवळणार होते. प्रश्न राहिला शेजारच्या सीटचा. संपतने सरळ विचारलं, काकूंचं वजन किती.

एबनेझरना ते माहीत नव्हतं. विचारायची सोयही नव्हती. मागे दवाखान्यात नर्सने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ती चिठ्ठी दयाबाईंनी तिथेच चार घड्या करून पर्समध्ये टाकली होती. मग मल्हारीने समोरच्या आडत्याकडून कांद्याच्या दोन लहान गोण्या उसन्या आणल्या. त्या सीटवर एकावर एक ठेवून पट्टा बांधला. एबनेझर खड्ड्यात उतरले आणि पहिला नट सैल करणार, एवढ्यात वर एकदम शांत झालं.

एसटी स्टँडवरून परतणाऱ्या दयाबाई गल्लीत उभ्या होत्या. त्यांनी आपली गाडी पाहिली, आपली जागा पाहिली, तिथे पट्टा लावून बसलेल्या गोण्या पाहिल्या. हे काय म्हणून त्यांनी मल्हारीला विचारलं. मल्हारी प्रामाणिक माणूस.

"वैनी," तो म्हणाला, "ह्या तुम्ही हाय."

खड्ड्यात एबनेझरनी डोळे मिटले. दयाबाईंनी गोण्या बोटाने मोजल्या.

"दोन?"

संपत एक स्वच्छ पाना पुन्हा पुसायला लागला. मग त्याने चाचरत, नट हातावर ठेवायचे आणि वजन देऊन आवळायचे, ही सगळी गोष्ट काकूंना समजावून सांगितली. दयाबाईंना त्यातलं एकच खरं वाटेना. त्या खड्ड्याच्या काठाशी वाकल्या.

"अहो, तुम्ही नट सैल सोडणार?"

"सोडतोय," खालून आवाज आला.

दयाबाईंनी पिशवी मल्हारीच्या मांडीवर ठेवली, पट्टा सोडला आणि गोण्या उतरवायला सांगितलं.

"गाडी उभीच आहे ना? मग बसते मी. उभ्या गाडीत बसणार नाही असं काही म्हटलं नव्हतं."

त्या बसल्या. गाडी हलकेच खाली आली. एबनेझरनी एकेक नट सैल केला आणि दर वेळी रबराने सोडलेला सुस्कारा त्यांना ऐकू आला, निदान ते तसं सांगतात. संपतने बॉनेटवर हात ठेवून गाडी दोन-चारदा झुलवली. दयाबाई वर-खाली झाल्या, आणि मागच्या वर्षानंतर पहिल्यांदा त्या गाडीत बसून हसल्या. मग एबनेझरनी सगळे नट आवळले, शेवटपर्यंत. त्यात कमीपणा केला असता तर त्यांना झोप आली नसती.

तेवढ्या वेळात संपतने दयाबाईंना चहा दिला होता. एबनेझर हात पुसत वर आले, तेव्हा अर्धा ग्लास अजून दयाबाईंच्या हातात होता. आता खाली उतरतेस ना, असं त्यांनी जपून विचारलं. दयाबाईंनी मल्हारीला उतरायला सांगितलं. घरापर्यंत बघू म्हणाल्या. वाटेत शाळेसमोर गतिरोधक आहे. एबनेझर रस्ता बघतच नव्हते, ग्लास बघत होते. चहा इकडे झुकला, तिकडे झुकला आणि ग्लासातच राहिला. घर आलं तेव्हा दयाबाई म्हणाल्या, ग्लास संपतचा आहे, परत द्यायला हवा. तेव्हा तोच गतिरोधक त्यांनी आणखी दोनदा ओलांडला.

रविवारी केकच्या डब्याचं झाकण दयाबाईंनी स्वतःच लावलं. एबनेझरना हात लावू दिला नाही. न्हावऱ्याच्या पुढचे तिन्ही गतिरोधक गाडीने तिथल्याच माणसासारखे, ओळखीने ओलांडले. शलमोनमामांनी डबा उघडला, केक अख्खा बघितला आणि त्यांचा चेहरा किंचित पडला, कारण यंदाही त्यांनी एक विनोद तयार ठेवला होता. पण बोली लागली आणि दोन घरांची जुनी चढाओढ पुन्हा सुरू झाली. आकडा चढत गेला, मध्ये जरा थबकला, आणि त्या थबकण्यात एबनेझरचा हात सवयीने वर जायला निघाला.

दयाबाईंनी तो मनगटाला धरून खाली ओढला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

"गप बसा," त्या म्हणाल्या. "यंदा लोकांना घेऊ द्या."

केक शिरूरच्याच एका घरी गेला. मोकळा झालेला हात एबनेझरना काही स्वस्थ बसू देईना, म्हणून त्यांनी एक लाल भोपळा घेतला. तो एवढा निघाला, की दोन माणसांनी उचलून मागच्या सीटवर ठेवला. दयाबाई रिकामा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आवळताना हा धरला होता का वजनात?"