आधीच करून ठेवलेला अल्बम

घरात तिला कात्रीबाई म्हणत. नाव नवऱ्याने ठेवलं, मुलीने उचललं, आणि सासू तर ते इतक्या गंभीरपणे वापरायची की जणू ते एखादं पद असावं. "कात्रीबाई, चहा मिळणार आहे की तोही कापून चिकटवायचाय?" असा आवाज आतल्या खोलीतून यायचा. यावर हसावं की चिडावं हे ठरेपर्यंत चहा उतू गेलेला असायचा.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायला दुसरी एक मुलगी होती. ही मागच्या अंधाऱ्या जागेत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. काच केसभर जास्त घासली तर खुळखुळते, केसभर कमी घासली तर बसवताना तडकते. काचेपलीकडून कोण बघणार आहे याच्याशी तिचा संबंध नसायचा. तिला फक्त कड दिसायची. दिवसभर अशा कडा सांभाळून ती घरी यायची, स्वयंपाक उरकायची आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरायची.

शुभेच्छापत्रं आणि फोटोंचे अल्बम, हा तिचा छंद. दुकानात मिळतात तसली पत्रं नव्हेत. उघडलं की आतून जिना उभा राहील, जिन्यावर दार, दारामागे दिवा, असली. नातेवाइकांच्या घरी ती पोचायची, नातेवाईक "हाताने केलंस?" असं विचारायचे. त्या विचारण्यात कौतुक कमी आणि हिला दुसरा उद्योग नाही का हा संशय जास्त. मग ते पत्र फ्रिजवर जायचं आणि त्याच्यावर कुणीतरी पिशवी ठेवायचं.

डिंक वाळायला वेळ लागतो, भूक लागायला लागत नाही. टेबल एकच. "उचल तुझी नगरपालिका," नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर विहिरीसारख्या जागेत लटकून यायचा आणि त्याला वेळच्या वेळी ताट हवं असायचं. मागणं वाजवी होतं. सगळ्यांचीच मागणी वाजवी असायची. ती ओलं पान अलगद ट्रेवर घ्यायची, आणि घरात दुसरीकडे सपाट जागा नसल्याने तो ट्रे सासूच्या पलंगाखाली सरकवायची. तरी थोडी चमकी उरायचीच. नवरा भाजीतला एक कण बोटाच्या टोकावर घेऊन दिव्याकडे धरायचा. "उद्या माझा एक्स-रे काढला ना, तर आत चांदण्या दिसतील." मुलगी हसायची. तीही हसायची, कारण विनोद चांगला होता.

मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने चार संध्याकाळी घालवून एक पत्र केलं होतं. ते पुढे मुलीच्या दप्तराच्या तळाशी सापडलं, चिरडलेलं. मुलीने वाटेत दुकानातून दुसरं घेतलं होतं. "आई, तू ना, प्लीज माझ्या गोष्टीत पडू नकोस. सगळ्या हसतात," मुलगी म्हणाली. मुलगी सोळा वर्षांची होती. त्या वयात दया येत नाही, फक्त लाज येते.

तिला हवी होती ती सासूची खोली. लहान खोली, पण तिची खिडकी उत्तरेला. उजेड दिवसभर सारखा, कागदावर हाताची सावली न पडणारा. तिथे भिंतीला लागून लांब टेबल, वर फळ्या, आणि कुणीही उचल म्हणणार नाही. ही इच्छा तिने कुणाला सांगितली नव्हती. एका दुपारी सासूला झोप लागलेली पाहून तिने टेपने भिंत मोजली. टेप सर्रकन परत गुंडाळला गेला आणि मिटल्या डोळ्यांनीच सासू म्हणाली, "माझ्यासकट मोजलंस की माझ्याशिवाय?"

तिने टेप पदराआड केला. सासू पुन्हा त्यावर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सासू एकेकाळी मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. आयुष्यभर तिने मरणारी माणसं पाहिली होती आणि त्यांच्या उशाशी बसलेली घरची माणसंही. घरच्या माणसांबद्दल तिचं मत जास्त वाईट होतं. तिच्या स्वतःच्या बाबतीत डॉक्टर जेव्हा म्हणाले, "आता घरीच ठेवा, मागतील ते खायला द्या," तेव्हा त्या वाक्याचा अर्थ तिला सर्वांच्या आधी कळला. नणंद डॉक्टरांसमोर रडली आणि दारात आल्यावर भावाला म्हणाली, "माझ्याकडे नेलं असतं रे, पण आमच्याकडे जिने आहेत." सासूचे कान शेवटपर्यंत उत्तम होते.

शनिवारी कागदाच्या दुकानामागे काही बायका जमायच्या, कात्र्या घेऊन. दुकानाची मालकीण त्यांची गुरू. तिचं सांगणं असं की माणूस गेल्यावर हात थरथरतात, आणि थरथरत्या हाताने कापलेली रेघ जन्मभर दिसत राहते. म्हणून आठवणींचा अल्बम माणूस असतानाच करून ठेवायचा. शेवटचं पान फक्त मोकळं सोडायचं. तिथे कुणाला हे विचित्र वाटत नसे. एकीने नवऱ्याचा करून ठेवला होता आणि तो नवरा रोज डबा घेऊन ऑफिसला जात होता.

तेव्हा कात्रीबाईने सासूचा अल्बम करायला घेतला. कपाटातल्या डब्यातले जुने फोटो काढले. एकेकच प्रत, निगेटिव्ह कधीच हरवलेल्या. नक्कल काढली तर डिंकाने शाई फुटते, चेहरे राखेसारखे होतात. म्हणून मूळ फोटोच कापले. आणि झालेली पानं ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्याच पलंगाखाली ठेवली. जिच्यासाठी अल्बम, ती त्यावर झोपत होती.

एके दिवशी ती दुकानातून आली तर सासू उशीला टेकून बसलेली, नाकावर चष्मा, मांडीवर ट्रे. शेजारी स्टुलावर मुलगी.

"आजीनेच काढायला लावलं," मुलगी घाईने म्हणाली.

"शेवटचं पान कोरं का गं?" सासूने विचारलं.

तिने पिशवी खाली ठेवली.

"तारखेसाठी ना? मग पेन्सिलीने आखून ठेव. ऐन वेळी वाकडं जाईल." सासूने एक पान उलटलं. "आणि हा फोटो काढ. यात मी दयाळू दिसतेय. कुणी ओळखणार नाही मला."

मुलगी खुदकन हसली. कात्रीबाई दारातच उभी होती, चप्पल पायात, आणि तिला कळेना की आपल्याला मार पडतोय की बक्षीस मिळतंय.

दुसऱ्या दिवसापासून सासू तिची वाट पाहू लागली. "आली का? आण ते तिसरं पान." चहा मागायचंही विसरली. ती एकेक पान डोळ्याजवळ धरायची, बोटाने कड चाचपायची. "इथे कागद दुमडलास ते चांगलं. इथे हात घाईत होता." आणि खरोखरच तिथे हात घाईत होता. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी तिचं काम वरपासून खालपर्यंत पाहिलं नव्हतं. दुकानात मागे बसून काचा घासताना ती आता संध्याकाळची वाट बघायची. तिला शरम वाटायची, पण सुखाला शरमेने काही होत नाही.

"ताईला काप इथून," सासू एकदा म्हणाली. ताई म्हणजे नणंद. फोटोत ती आईच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. "माझा खांदा झाकलाय तिने. तो एकच झंपर मी स्वतः शिवलेला."

खांदा खरंच झाकला होता. हात कापताना अख्खी नणंदच काढावी लागली.

पुढच्या पानावर नणंदेने डोळे मिटले होते. त्यापुढच्यात ती हलली होती, पुसट आली होती. एकात ती लहान होती आणि रडत होती. "रडकं तोंड घेऊन कशाला जायचं मी?" सासू म्हणाली. कारण दर वेळी वेगळं होतं आणि दर वेळी खरं होतं. कात्रीबाईच्या हाताला या कामात एक गोडी येत गेली हेही खरं. हीच नणंद चारचौघांत म्हणाली होती, "आमच्या वहिनीला मूल नसतं तर समजलं असतं, पण हिला घरदार असून कागदं लागतात." कात्री केसांच्या बाजूने फिरायची, एकेक बट सोडवत, आणि माणूस फोटोतून निघून हातात यायचं, हलकं, टाचणीएवढं वजन नसलेलं.

नणंद रविवारी यायची. तेव्हा सासू ट्रे पांघरुणाखाली सरकवायची. "पूर्ण होऊ दे. मग बघेल," म्हणायची आणि डोळा मारायची. मुलगी स्टुलावर बसून फोनमध्ये बोटं फिरवायची. तिला सगळं ऐकू येत होतं.

सासूला भूक लागू लागली. रंग सुधारला. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत?" नवरा खूश होऊन शेजाऱ्यांना सांगू लागला, "सासूसुनेचं जमलंय हो. हिचा छंद कामाला आला बघा." ती त्या खिडकीच्या सारख्या उजेडात पलंगाच्या कडेवर बसून पानं लावायची आणि तिला दिसायचं की प्रत्येक पानागणिक ही बाई जास्त जगतेय आणि भिंत लांब जातेय. तरी दुसऱ्या दिवशी ती आणखी चांगला कागद आणायची. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात तेव्हा त्या एकमेकींचा गळा धरतात, आणि आपण मधे बसून दोघींना खाऊ घालतो.

मग एक दिवस सासूने सगळी पानं पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाली, "झालं. बांध आता." सुटी पानं रिबिनीने बांधून झाली तेव्हा तिने अल्बम हातात तोलला. "मी गेल्यावर सगळे जमतील ना, तेव्हा तू ठेवायचास हा. तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"आई, असं काय बोलता..."

"बोलते म्हणजे? तूच तर करायला घेतलास."

ती गेली ती पुढच्याच आठवड्यात, सकाळी, कुणालाही हाक न मारता.

घर माणसांनी भरलं. कात्रीबाईने सांगितल्याप्रमाणे अल्बम आणून टेबलावर ठेवला, नणंदेच्या समोर. कोऱ्या पानावर तारीख घातली होती, रेघ सरळ आली होती. कुणीतरी म्हणालं, "किती सुंदर काम." नणंदेने डोळे पुसले, पहिलं पान उघडलं. दुसरं उघडलं. मग ती भराभर उलटू लागली, जशी माणसं गर्दीत आपलं मूल शोधतात.

पानं सुटी होती तोवर कात्रीबाईने ती एकेक पाहिली होती, कडांसकट. अल्बम तिने त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला.

"मी कुठेय?" नणंद म्हणाली. आवाज अगदी लहान होता. "दादा, मी कुठेय यात? मी हिच्या पोटची ना? एकाही पानावर मी नाही रे."

नवऱ्याने अल्बम ओढून घेतला. एका फोटोत आईच्या खांद्यापाशी नुसतं भोक होतं आणि भोकातून फुलांचा कागद दिसत होता. "हे मूळ फोटो कापलेस तू?"

"आईंनी सांगितलं," ती म्हणाली. "एकेकदा... दर वेळी त्यांनीच..."

"आईने?" नवरा म्हणाला. "मरायला टेकलेल्या बाईने सांगितलं की माझ्या लेकीला काप?"

"विचारा हिला. ही बसलेली असायची तिथे." ती मुलीकडे वळली. "सांग ना. आजी काय म्हणायची, सांग."

मुलीने फोनवरून नजर उचलली. खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं, आत्याकडे जरा जास्त. "मी अभ्यास करत असायचे," ती म्हणाली. "मला काय माहीत."

कुणीतरी नणंदेला पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. "मेलेल्या बाईवर घालतेस? तिला बोलता येत नाही म्हणून?" मग एकदम शांत होऊन ती भावाला म्हणाली, "मला काही नको तुमच्याकडचं. फक्त आईच्या खोलीत हिचं एक चिटोरंही जाता कामा नये. पोरीला दे ती खोली. आईचा जीव होता पोरीवर."

"पोरीलाच देणार," नवरा म्हणाला. तो बायकोकडे पाहत नव्हता. "बारावी आहे तिची. तिला खोली लागणारच होती."

मुलगी उठून आजीच्या खोलीत गेली, आणि खिडकीचा पडदा पूर्ण सरकवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"कापलेले कुठे टाकलेस?" नणंदेने विचारलं. "का जाळलेस?"

ही बाई कागद टाकत नसे. तिने पाकीट आणून दिलं. नणंदेने ते टेबलावर उपडं केलं आणि तिथे ती सांडली, लहान, मोठी, रडणारी, हललेली, डोळे मिटलेली, हात पुढे केलेली, आणि त्या हाताखाली आता खांदा नव्हता. बायका मागे सरकल्या. एकीने तोंडावर हात धरला. नणंदेने एक तुकडा चिमटीत उचलला आणि मुठीत चुरगळायला लागली.

कात्रीबाईची नजर त्या तुकड्यावर होती. त्यात वाऱ्याने उडालेले केस होते. ते सोडवायला तिला दोन संध्याकाळी लागल्या होत्या, आणि एक बट तर इतकी बारीक निघाली होती की सासूने ती श्वास रोखून पाहिली होती आणि म्हटलं होतं, "हे मात्र कुणाला जमणार नाही."

"ताई, सावकाश," ती म्हणाली. "केस तुटतील."