मतदानापुरता मुलगा

हिर्डोशीत निवडणुकीची चौकशी सगळ्यात आधी कुणी करत असेल तर साळूबाई. एसटीचा कंडक्टर असो, शाळेचे मास्तर असोत, नाहीतर टेम्पोतून कांदे-बटाटे विकायला आलेला माणूस असो, साळूबाई दारात उभ्या राहून विचारणार, "कवा लागायची ओ निवडणूक?" लोक हसायचे. म्हातारी आमदारकीला उभी राहतेय बहुतेक, म्हणायचे. साळूबाईही हसायच्या. कोण निवडून येतं याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. निवडणूक लागली की त्यांचा कुमार घरी यायचा, एवढंच त्यांचं राजकारण.

एरवी तो यायचा नाही. दिवाळीला नाही, गावच्या जत्रेला नाही, सख्ख्या चुलत्याच्या दहाव्यालाही नाही.

त्याला कारण होतं. साळूबाईंचे मालक सावळाराम, ज्यांना सारं गाव नाना म्हणतं, ते पक्षाचे जुने कार्यकर्ते. पक्षाचं कार्यालय म्हणजे यांच्याच घराची पडवी. दारावर पाटी, आत खुर्च्यांची चळत, कोपऱ्यात झेंडे, आणि येईल त्याला साळूबाईंच्या हातचा चहा. कुमार त्या झेंड्यांच्या गठ्ठ्यावरच लोळून मोठा झाला. बारावी झाल्यावर नानांनी तालुक्याचे पुढारी आनंदराव यांच्याकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. त्यांच्या दूध डेअरीत जागा होती. आनंदराव म्हणाले, "बघू." त्यांचं बघणं दोन वर्षं चाललं आणि जागा त्यांच्या मेव्हण्याच्या पोराला गेली.

कुमारनं त्याच दिवशी बॅग भरली. "नाना, जलमभर तुमी पक्षासाठी राबला. पक्षानं तुमच्या पोराला काय दिलं?"

खरं ते झोंबतंच. नाना ओरडले, "पक्षाला नावं ठिवायची आसंल तर या घरात पाय ठिवू नगंस!"

बोलणाऱ्याचं बोलून झालं, ऐकणारा भोसरीला निघून गेला. तिकडंच कंपनीत लागला, तिकडंच लग्न केलं. दोघंही एकाच मातीचे, सुंभ जळला तरी पीळ सोडणार नाहीत असे. मधल्यामधे साळूबाईंचा जीव टांगणीला लागला.

पण त्याचं नाव गावच्या यादीत राहिलं होतं. निम्मी हिर्डोशी पुण्या-मुंबईत पोट भरते, पण नाव ठेवते गावात. मतदान आलं की पक्ष त्यांच्यासाठी गाड्या पाठवतो आणि माणसं गोळा करायचं काम नानांचं. ते एकेकाला फोन लावायचे. गाडी कुठं येईल, नाश्ता कुठं, परत कधी सोडणार. तसाच फोन कुमारलाही जायचा, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. वर एक शब्द जास्त नाही. आणि कुमार यायचा. भोसरीतले सगळे गाववाले गाडीत चढत असताना सावळारामाचाच पोरगा मागं राहिला तर बापाची शोभा होईल, एवढी चाड त्याला होती. कुणाला वाकावं लागलं नाही आणि पोरगं उंबऱ्याच्या आत आलं. साळूबाई म्हणायच्या, लोकशाहीचं भलं होवो.

त्याचं मतदानाचं कार्ड त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवून दिलं होतं, मुद्दाम. म्हणजे शाळेत मतदानाला जायच्या आधी त्याला घरी यावंच लागे. आधार कार्डावरही मत देता येतं हे न कळण्याइतका तो काही खुळा नव्हता. तरी यायचा, "आये, माजं कार्ड दे," म्हणायचा, नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. सून दीपमाला कधी आली नाही, तिचं मत तिकडंच होतं. नातीला तर मतच नाही, मग तिला गाडीत जागा कोण देणार? साळूबाईंनी नात अजून फोटोतच बघितली होती.

मधे काही वर्षं झेडपीच्या निवडणुका लागल्याच नाहीत. पुढारी कासावीस झाले, पण साळूबाईंइतकं कुणी झुरलं नसेल. मग चोवीस साली लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, आणि त्या वर्षी साळूबाईंच्या घरी दोनदा सण झाला.

मग निघालं दुबार नावांचं प्रकरण. एका माणसाचं नाव दोन गावांत नको, जिथं राहतो तिथंच मत, अशी मोहीम निघाली. आनंदरावांनी नानांना भोरला बोलावून चहा पाजला. म्हणाले, "नाना, गोरखची माणसं बाहेरून येत्यात. त्या समद्यांवर हरकत घ्या. कोण कुठं राहतं ते तुमच्याबिगर कुणाला ठावं हाय?"

गोरख म्हणजे गावातला दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता. नानांची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत आनंदरावांनी आपल्याला काही विचारलं म्हणून ते हुरळून गेले आणि गोरखच्या एकेका माणसावर हरकत घेऊन मोकळे झाले. आपल्याच घरात असं एक नाव आहे हे त्यांच्या ध्यानात नव्हतं असं कसं म्हणावं? होतं. पण नानांवर हरकत घ्यायची छाती गावात कुणाची आहे, असं त्यांना वाटलं.

गोरखची होती. त्यानं एकच हरकत घेतली, कुमारवर.

सुनावणीला भोरच्या कचेरीत दोघं गेली. साळूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटेत एसटीत नाना हळूच म्हणाले, "सायबांनी इचारलं तर सांग, हितंच ऱ्हातो म्हणून." साळूबाईंना ते सांगायची गरज नव्हती.

सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, बोलायला मऊ. हरकत घेणारा गोरखही बाजूच्या बाकावर बसला होता. "आजी, मुलगा इथंच राहतो का?"

"व्हय की सायेब," साळूबाई म्हणाल्या, "हितंच तर ऱ्हातो. पडवीत निजतो. सकाळी चुलीम्होरं बसून भाकरी खातो, करपलेली त्याला लई आवडती. रातच्याला उशीर झाला तर म्या जागी ऱ्हाते. त्यो आल्याबिगर मला घास उतरत न्हाई."

त्या सांगतच राहिल्या. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, फक्त पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. नाना जमिनीकडे बघत होते.

साहेबांनी विचारलं, "त्यांचा नंबर आहे?"

नानांना सगळ्यांचे नंबर पाठ, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. आपण कचेरीतून बोलतोय, खोट्या पत्त्यावर नाव ठेवणं गुन्हा आहे, तुम्ही राहता कुठं, असं विचारलं.

"भोसरीला ऱ्हातो सायेब," कुमारचा आवाज आला. "हिर्डोशीचं नाव काढून टाका. माजी काय हरकत न्हाई. गाडी दारात येती म्हणून यावं लागतं, न्हाईतर तिकडं कशाला आलो आसतो?"

साहेबांनी घाईघाईनं फोन बंद केला.

गोरख उठून उभा राहिला. हाही याच मातीतला, साळूबाईंच्या हातचं खाऊन मोठा झालेला. "सायेब, म्या हरकत माघारी घेतो," तो म्हणाला.

"आता तुमच्या हरकतीचा प्रश्न नाही," साहेब म्हणाले. "मतदारच सांगतोय."

साळूबाईंनी पदर सारखा केला. "काढा सायेब," त्या म्हणाल्या. "म्या लबाड बोलले. पोराला काय करू नगा."

गावात आल्यावर त्या कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. झेडपीचं मतदान लागलं, गाड्या आल्या, लोक उतरले, दारावरून शाळेत गेले. साळूबाई मत द्यायला गेल्या नाहीत. कार्यकर्ते आग्रह करून दमले. पडवीत चहा कुणी केला नाही.

पुढं एका साध्याच दिवशी, भात लावून झालेला, कुठं काही नाही, अशा दुपारी त्या नानांसमोर येऊन बसल्या.

"साऱ्या दुनयेला पक्षासाठी बलावलंत," त्या म्हणाल्या. "येकदा त्याला आपल्यासाठी बलवा. म्हनावं, नातीला घिऊन ये. म्हनावं, चुकलं माजं. लई म्हातारं झालोय आता."

नानांनी बराच वेळ मोबाईल हातात धरला. मग लावला. साळूबाई सरकून जवळ बसल्या. आपल्यालाही दोन शब्द बोलायला मिळतील म्हणून त्यांनी हात पुढं केला होता.

"नाना?" कुमार म्हणाला. मागं एक लहान पोर काहीतरी गात होतं. "आता कुठली निवडणूक हाय? माजं नाव तर कमी केलं ना तिथलं?"

नानांचे ओठ हलले. ज्या माणसानं आयुष्यभर शेकडो लोकांना 'या' म्हटलं, त्याला तेवढं एक अक्षर घशातून वर आणता येईना. साळूबाई हातानं खुणावत होत्या, बोला, बोला.

"न्हाई," नाना म्हणाले. "चुकून लागला."